पान आपोआप पुढे सरकतं

माझं काम लिंका घालायचं. कोणी विचारलं की नवरा सांगतो, "ती वेबसाइटवर लिहिते." मी लिहीत नाही. लिहितात दुसरेच, एक आहारतज्ज्ञ बाई आहेत, एक बालरोगतज्ज्ञ आहेत. त्यांचा मजकूर आला की तो वाचायचा, आणि कुठला शब्द दाबला की वाचक त्याच पानावर कुठे जाऊन पोचेल ते ठरवायचं, एवढंच माझ्याकडे. पान लहान मुलांबद्दलचं होतं: 'बाळाची पहिली दोन वर्षं, खाणं आणि वाढ.' छापलं असतं तर बावीस पानं झाली असती. पण आम्ही छापत नाही, म्हणून ते एकच पान होतं.

पूर्वी आमच्या लिंका निळ्या असत आणि त्यांच्याखाली रेघ असे. मग एका वाचकाने पत्र लिहिलं की तुमचं पान निळा गोवर आल्यासारखं दिसतं. आमचे संपादक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, त्यांनी ते पत्र फार मनाला लावून घेतलं. "वाचकाच्या डोळ्याला काहीही टोचता कामा नये," असं ते तीन बैठकांमध्ये म्हणाले, आणि चौथ्या बैठकीत त्या म्हणण्याला 'वाचनसुख' असं नाव मिळालं. निळा रंग गेला. रेघ केसाएवढी बारीक आणि करडी झाली. माहीत असेल त्यालाच दिसेल अशी. मधली शीर्षकं काढली, कारण सरांच्या मते शीर्षकांची वाचकाला ठेच लागते. लिंक दाबल्यावर वाचकाने थेट नेमक्या वाक्यावर उतरायचं, आजूबाजूला काही नाही. "उडी मारली हे कळता कामा नये," सर म्हणाले.

मला ते पटलं होतं. पटलं नसतं तरी मी केलं असतंच, पण पटलं होतं, हे आधी सांगून टाकते.

प्रत्येक पानावर सेहेचाळीस लिंका हव्यात असा नियम होता. सेहेचाळीसच का, ते कोणी विचारलं नाही.

बाळंतपणाची रजा संपली तेव्हा आमची लेक सात महिन्यांची होती. जन्मली ती लांब आणि बारीक, म्हणून तिला घरात शेंग म्हणतात. आता चांगली गुबगुबीत झाली आहे तरी नाव बदललेलं नाही. तिला सांभाळायला सासूबाई राहायला आल्या. सासऱ्यांच्या मागे एकट्याच राहत होत्या, आणि एकटीला घर खायला उठतं असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं, पण निरोप मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी बॅग घेऊन दारात उभ्या होत्या.

सासूबाईंनी एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. पाठ्यपुस्तकं, वेळापत्रकं, औषधाच्या डब्यांवरचे कागद, काहीही. त्यांची वाचायची एक पद्धत आहे. उजव्या हाताची तर्जनी प्रत्येक शब्दावर टेकवायची, उचलायची, पुढच्या शब्दावर टेकवायची. बोट ओढत न्यायचं नाही, ते शाळकरी पोरांचं काम. "बोट सुटलं की ओळ सुटते, ओळ सुटली की चूक सुटते," असं त्या म्हणतात. वर्तमानपत्रही त्या तसंच वाचतात. संध्याकाळी टेबलापाशी बसल्या की बारीक टकटक ऐकू येते, कोणीतरी फार नम्रपणे दार वाजवत असल्यासारखी.

मी स्वभावाने घाबरट आहे. शेंग झोपली की श्वास चालू आहे ना ते बघते, आणि बघून आले की नीट बघितलं ना ते बघायला परत जाते. अशा बाईला कामावर जायचं असेल तर मागे सूचना सोडून जाव्या लागतात. पण सासूबाईंना "असं करा, तसं करू नका" सांगायची माझी छाती नव्हती. म्हणून मी त्यांना टॅब दिला, त्यावर आमचं पान उघडून ठेवलं आणि म्हटलं, "आई, यात सगळं आहे. तज्ज्ञांनी लिहिलंय."

"तू काम करतेस तेच ना हे?"

"हो."

"मग नीट वाचते," त्या म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला घेतला.

पहिल्या आठवड्यात त्यांनी पानाचं कौतुकही केलं. "चांगलं आहे गं तुमचं. वाचत आलं की पान आपोआप पुढे सरकतं. उलटावं लागत नाही."

"हो, टॅबवर तसंच असतं," मी म्हटलं. मी तेव्हा पर्समध्ये किल्ली शोधत होते.

दुसऱ्या आठवड्यात एकदा घरी आले तर शेंग बैठकीच्या खोलीत सतरंजीवर बसलेली, समोर तिचे लोकरीचे बूट, आणि बुटांच्या पलीकडे सासूबाई मांडी घालून. शेंग एक बूट चोखत होती.

"काय चाललंय?"

"बूट घालतेय ती."

"आई, ती सात महिन्यांची आहे."

"मलाही जरा लवकर वाटलं. पण लिहिलंय ना, वेळ द्यावा, घाई करू नये. तीन वाजल्यापासून देतेय वेळ."

पाच वाजले होते. मी टॅब घेतला आणि पान शोधलं. बूट होते, पण दीड वर्षाच्या भागात, फार खाली. "आई, हे दीड वर्षाचं आहे. तुम्ही खालचं वाचलंत."

"मी खाली गेलेच नाही. सात महिनेच वाचत होते."

"दाखवा बरं कुठे."

त्यांनी टॅब मांडीवर घेतला, सुरुवातीला गेल्या, शोधत राहिल्या. "इथंच होतं," म्हणाल्या. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, आणि तो चेहरा मला आवडला नाही.

त्या दिवशी मी फोनमध्ये एक यादी सुरू केली. यादीला नाव दिलं 'किराणा', कोणी उघडू नये म्हणून. पहिली नोंद: बूट. दुसरी चार दिवसांनी: शेंगेला दुपारचं दूध दिलंच नाही, लेखात बंद करा लिहिलंय म्हणाल्या, पोर रडून रडून लालबुंद. तिसरी: शेंगेने चष्मा ओढला तेव्हा तो का ओढू नये याची कारणं तिला एकामागून एक समजावून सांगत होत्या, चौथ्या कारणाला शेंग झोपली. दर वेळी मी पान तपासलं. ऑफिसात मोठ्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत वाचलं, नवऱ्याने फोनवर अंगठ्याने सरकवत वाचलं. सातव्या महिन्याच्या भागात असं काही नव्हतं. जे त्या सांगत ते पानावर असायचंच, पण भलतीकडे.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. बिघाड आधी आवाजावरून कळतो असं त्याचं म्हणणं असतं. तो दोन दिवस आईच्या बोलण्याकडे कान लावून होता आणि मग म्हणाला, "आवाजात काही नाहीये. पण मजले चुकतायत तिचे."

मग सफरचंद झालं. सासूबाईंनी स्वतःच मला ऑफिसात फोन केला. आवाज अगदी सरळ होता.

"ऐक. शेंगेला सफरचंदाची फोड दिली होती, सालासकट. घशात अडकली. पालथी घालून पाठीत चापट्या मारल्या, निघाली. आता खेळतेय. तुला कळवायला हवं म्हणून फोन."

मी घरी कशी पोचले ते आठवत नाही. शेंग चमच्याने फरशी बडवत होती. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, टॅब छातीशी धरून.

"फोड हातात द्यावी असं लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "मी दोनदा वाचलं."

"असं कुठेही लिहिलेलं नाही, आई!" मी ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदा. शेंगेचा चमचा थांबला.

संध्याकाळी नणंदेला फोन लावला. नणंद, म्हणजे ताई, नवऱ्यापेक्षा मोठी आणि दातांची डॉक्टर. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पेशंटला सांगावं तसं सांगितलं, "लवकर पाहिलं तर वाचतं. उशीर केला तर काढावं लागतं."

"काय काढावं लागतं?" नवरा म्हणाला. "आईच्या डोक्याबद्दल बोलतोय आपण."

"तेच. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेते मी. गुरुवारी दाखवू, आणि मग तिला इकडे घेऊन येते. तुम्हाला पाळणाघर बघावं लागेल."

मला वाटलं होतं सासूबाई आतल्या खोलीत आहेत. त्या दारातच होत्या.

"दाखवून घ्या मला," त्या म्हणाल्या. "मीही तेच म्हणणार होते. पोरीच्या जिवाशी खेळ नको."

कोणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी सुट्टी टाकून घरी राहिले, आणि त्यांनी शेंगेला उचलून घ्यायचं बंद केलं. ती रांगत जवळ गेली की त्या मला हाक मारायच्या, "अगं, घे हिला." आणि दिवसभर टेबलापाशी बसून टॅबवरचं आमचं पान एका वहीत उतरवून काढायच्या. लिहून काढलं की चुकायचं नाही, म्हणायच्या. टॅबवर टकटक, मग पेनाची खरखर, मग टकटक. बॅग त्यांनी भरून कपाटाजवळ ठेवली होती. गुरुवार आणखी तीन दिवस लांब होता.

गुरुवारी दवाखान्यात आम्ही चौघं मोठी आणि शेंग. वेळ अकराची होती, साडेअकरा झाले. ताई घड्याळ बघत होती, नवरा दवाखान्याच्या लिफ्टचा आवाज ऐकत होता. सासूबाईंनी पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली.

"ही डॉक्टरांना दाखव. म्हणजे त्यांना कळेल किती बिघडलंय."

शेंग माझ्या मांडीवर होती आणि वहीचा कोपरा तिला हवा होता, म्हणून वही उंच धरून वाचायला लागले. अक्षर छापल्यासारखं. 'सुरुवातीला दोन-तीन चमचे पुरतात. बाळाचं मुख्य अन्न अजून दूध. दुपारचं दूध आता बंद करायला हरकत नाही, पोट जेवणानेच भरतं.' आणि 'दूध'नंतर समासात पेन्सिलीने एक उभी रेघ आणि प्रश्नचिन्ह.

पुढे. 'खुर्चीत बसवताना बाळाचे पाय. बाळ आता स्वतःचे बूट स्वतः घालू पाहतं. त्याला वेळ द्यावा, घाई करू नये.' 'पाय'नंतर रेघ आणि प्रश्नचिन्ह.

पुढे. 'फळांत सुरुवातीला सफरचंद. साल न काढता फोड हातात द्यावी, चावण्याचा सराव होतो.' रेघ, प्रश्नचिन्ह.

एकही शब्द चुकलेला नव्हता. ही सगळी आमचीच वाक्यं होती, स्वल्पविरामासकट. फक्त मधेच तुटलेली, आणि तुटल्यावर भलत्याच वाक्याला जोडलेली. मी 'दूध' या शब्दाकडे बघत राहिले. मग 'पाय'कडे. हे शब्द मला ओळखीचे होते. आपणच टाचलेलं बटण ओळखू यावं तसे. दूध दाबलं की दीड वर्षाचं दूध. सफरचंद दाबलं की दीड वर्षाचं सफरचंद. आणि तिथला एखादा शब्द दाबला की परत सातवा महिना. पायाला बूट का जोडले, याचं कारण आज मला देता येणार नाही. त्या दिवशी चव्वेचाळीस झाल्या होत्या, दोन कमी पडत होत्या.

"आई, या रेघा कसल्या?"

"सांधे आहेत ते. तिथं मजकूर जुळत नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी जरा विचार केला. "आधी वाटलं, तज्ज्ञांनी असंच लिहिलं असेल. हल्ली लोक कसंही लिहितात. तू तिथं कामाला, म्हणून म्हटलं उगीच कशाला. मग तुम्ही सगळे म्हणालात तसं लिहिलेलंच नाही. मग कळलं, सांधा माझाच निखळलाय."

मी वही उलटत गेले. एकोणीस रेघा. एकोणीसच्या एकोणीस माझ्या लिंकांवर.

तेवढ्यात आम्हाला आत बोलावलं.

डॉक्टर उंच, किरकोळ आणि पेनाला टोपण लावून बसणारे. त्यांनी सासूबाईंना समोर बसवलं आणि बाकीच्यांना विचारलं, "घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवलीय कोणी?"

"हिने ठेवलीय," ताई म्हणाली.

मी फोन काढला. नवऱ्याने डोकावून पाहिलं. "किराणा?"

"तेच नाव आहे यादीचं," मी म्हटलं. "पण डॉक्टर, ती यादी चुकीची आहे. म्हणजे, घडलं तसंच आहे, पण त्यांच्यामुळे नाही घडलं. माझ्यामुळे घडलं."

"म्हणजे पेशंट तुम्ही?"

"नाही. पान."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. मी पिशवीतून टॅब घेतला, पान उघडलं आणि सासूबाईंसमोर टेबलावर ठेवलं. "आई, सातवा महिना. मोठ्याने वाचा. घरी वाचता तसं."

"आता?"

"आता."

त्यांनी चष्मा लावला. बोट टेकलं, उचललं, टेकलं. "बाळाचं. मुख्य. अन्न. अजून. दूध." दूधवर बोट टेकलं आणि पान गेलं. आवाज नाही, रंग नाही, काही नाही. बोट वर गेलं, पडद्यावरच्या पहिल्या ओळीवर टेकलं. "दुपारचं. दूध. आता. बंद."

"थांब," नवरा म्हणाला. "खाली गेलं की ते!"

"काय खाली गेलं?" सासूबाईंनी विचारलं.

"पान, आई. तू बोट टेकवलंस ना, तो नुसता शब्द नव्हता, बटण होतं. सात महिन्यांवरून थेट दीड वर्षावर. दार उघडायच्या आत मजला बदलला!"

"मला वाटलं वाचून झालं म्हणून पुढे सरकलं."

"तसं कसं सरकेल आपोआप?" ताई म्हणाली.

"मला काय माहीत कसं सरकेल? तुमच्याकडे दारं आपोआप उघडतात, नळ आपोआप वाहतात. पान सरकलं तर मी कशाला आश्चर्य करू?"

डॉक्टरांनी टॅब स्वतःकडे ओढला. "बघू बरं," म्हणाले, आणि शब्दाशब्दावर बोट टेकवत वाचायला लागले. आम्ही बघत होतो. दोनदा पान गेलं. शेवटी ते मूल दोन वर्षांचं होऊन स्वतःच्या खोलीत झोपायला लागलं होतं. डॉक्टरांनी मान वर केली. "मला काहीच जाणवलं नाही," ते जरा दुखावल्यासारखे म्हणाले.

"जाणवू नये म्हणूनच केलंय," मी म्हटलं. "वाचनसुख म्हणतात आमच्याकडे त्याला."

"आणि यांना जाणवलं?"

मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी रेघा पाहिल्या, प्रश्नचिन्हं पाहिली, पानं उलटली. मग म्हणाले की वेळ घेतलीच आहे तर चाचणीही करून टाकू. सासूबाईंना पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावलं. आज तारीख काय, या प्रश्नावर सासूबाईंना दोन दिवसांचा फरक पडला. ताईने आणि मीही हळूच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, ते डॉक्टरांनी बघितलं. तीसपैकी एकोणतीस.

"यांना काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही झोपता का नीट?"

"बाळ नीट झोपलंय का ते बघते," मी म्हटलं. त्यांनी ते कुठेही लिहून घेतलं नाही.

परत येताना ताई गाडी चालवत होती. तिने सासूबाईंच्या बॅगेसाठी मागची अर्धी सीट रिकामी करून आणली होती, म्हणून आम्ही दाटीवाटीने बसलो, त्या रिकाम्या जागेकडे पाय न नेता. मग सासूबाईच म्हणाल्या, "गेले पंधरा दिवस रोज सकाळी उठल्या उठल्या तुम्हा सगळ्यांची नावं लिहून बघत होते. आधी शेंगेचं, खरं नाव, पाळण्यातलं. मग बाकीच्यांची. एके दिवशी जावयाचं आठवेना. त्या दिवशी बॅग भरली."

ताईने आरशातून पाहिलं. "अगं आई, त्याचं मलासुद्धा कधी कधी पटकन आठवत नाही."

सासूबाई हसल्या नाहीत. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. मी सासूबाईंकडे वळले. "आई, माझं चुकलं. मी तुमच्यावर ओरडले."

"ओरडलीस ते ठीक. पोरीसाठी ओरडलीस. मीही ओरडले असते," त्या म्हणाल्या. "वीस दिवस मला पारखत होतीस, ते नाही ठीक. पण ते राहू दे आता. आधी ते पान दुरुस्त कर. मी एकटीच बोट ठेवून वाचत नसेन. दुसऱ्यांच्या घरीही बाळं आहेत."

शुक्रवारी नवऱ्याने शेंगेसाठी रजा घेतली आणि मी ऑफिसात गेले. सर खुशीत होते. भिंतीवर महिन्याचे आकडे लावले होते. आमच्याकडे एक मुलगी फक्त आकडे बघते, तिला सगळे आकडेवाली म्हणतात. तिने माझ्या पानाभोवती लाल वर्तुळ काढलं होतं. प्रत्येक वाचक सरासरी नऊ लिंका दाबत होता. दुसऱ्या कुठल्याही पानावर तीनच्या वर नव्हतं.

"लोकांना लिंका आवडतायत," सर मला म्हणाले. "दिसत नाहीत म्हणून आवडतायत. आपण सेहेचाळीसच्या साठ करतोय. तुझ्या पानापासून सुरुवात."

"सर, त्यांना आवडत नाहीयेत. त्यांना कळतच नाहीये. बोट ठेवून वाचणारी माणसं आहेत ती."

"बोट ठेवून कोण वाचतं?"

"माझ्या सासूबाई."

"एक सासू म्हणजे वाचक नव्हेत," सर म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच आवडलं असावं, कारण त्यांनी आकडेवालीकडे पाहिलं.

आकडेवाली फार कमी बोलते. तिने पडदा आपल्याकडे वळवला, थोडं शोधलं आणि म्हणाली, "सर, हे बहुतेक साठीच्या पुढचे आहेत. आणि दाबून खाली गेलेले स्वतःहून परत वर येत नाहीत. तिथंच पुढे वाचत राहतात."

"किती जण?"

तिने आकडा सांगितला. मी तो इथे लिहीत नाही. मी फक्त एवढं केलं की त्या आकड्याइतकी बाळं डोळ्यांसमोर आणली, प्रत्येकाच्या हातात सालासकट सफरचंद.

मग मी सफरचंदाची गोष्ट सांगितली. सरांना दोन नातवंडं आहेत, हे मला तेव्हाच कळलं. त्यांनी खिशातून फोन काढला, आमचं पान उघडलं आणि बोट टेकवत वाचायला सुरुवात केली. आम्ही दोघी उभ्या होतो. पहिल्यांदा पान गेलं तेव्हा ते थांबले नाहीत. दुसऱ्यांदाही नाहीत. तिसऱ्यांदा त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माझी बायको असंच वाचते."

मग ते म्हणाले, "गोवर येऊ दे परत."

लिंका मी त्याच दिवशी काढल्या. वाक्यांच्या मधल्या सगळ्या. ज्या खरोखर लागत होत्या त्या सात परिच्छेदाच्या शेवटी ठेवल्या, ठळक निळ्या, आंधळ्यालाही दिसतील अशा. महिन्यांची शीर्षकं परत घातली, आणि प्रत्येक शीर्षकाखाली बाळाचं वय पुन्हा लिहिलं. 'वाचनसुख' हे नाव तसंच राहिलं. भिंतीवरचा फलक आधीच बनून आला होता. पुढच्या महिन्यात माझ्या पानाभोवतीचं लाल वर्तुळ गेलं, आणि मला तिथून काढून धुलाई यंत्रांच्या विभागात घातलं. मी तक्रार केली नाही. धुलाई यंत्र वयाने वाढत नाही.

पण घरचं अजून राहिलं होतं. गुरुवारी दवाखान्यातून आल्यावर सासूबाईंनी कपाटाजवळची बॅग उचलली होती आणि त्या ताईबरोबर गेल्या होत्या.

"आता कशाला, आई?" नवरा म्हणाला होता. "तुला काही झालं नाहीये."

"म्हणूनच जाते. आजारी म्हणून नेणार होता, तेव्हा मी काही बोलले नाही. आता धडधाकट आहे तर माझ्या मर्जीने जाते, चार दिवस लेकीकडे राहते, माझ्या मर्जीने येते."

"नक्की येणार ना?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेंगेच्या डोक्यावरून हात फिरवला, पण तिला उचललं नाही, आणि खाली उतरल्या.

ते चार दिवस मी रोज फोन करीन असं ठरवलं होतं आणि एकदाही केला नाही. नवरा करायचा. "काय म्हणाल्या?" मी विचारायचे. "जेवली का म्हणाली," तो सांगायचा. "कोण?" "सगळ्यांचंच विचारते ती." शेंग दोन वेळा कपाटापर्यंत रांगत गेली, बॅग असायची त्या जागेशी बसली आणि परत आली. मी ते नवऱ्याला सांगितलं नाही. पाळणाघराचा अर्ज मी आणून ठेवला होता. तो भरला आणि सहीची जागा मोकळी सोडली.

रविवारी संध्याकाळी दार वाजलं. बॅग नवऱ्याने आत घेतली. सासूबाई सरळ मोरीत गेल्या, हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, पुसले, आणि येऊन शेंगेला उचलून घेतलं. शेंगेने चष्मा ओढला. त्यांनी कारणं सांगितली नाहीत, चष्मा काढून खिशात ठेवला.

सोमवारी मी कामावर निघाले. एरवी दारात माझी पाच मिनिटं सूचनांत जायची. सासूबाई शेंगेला कडेवर घेऊन उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. टॅब कुठे आहे ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

"काही सांगायचंय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नीट आठवून बघ. बस गेली तरी दुसरी येते."

मी आठवून बघितलं. शेंग त्यांचा कान ओढत होती. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, तसं ते नेहमीच असतं.

"तिला गाजर आवडत नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे मला," सासूबाई म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.